उष्ण ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी थंडावा देणारी साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौंड्री, साखर कारखान्याचे बॉयलर हाउस, डांबरीकरण, वीटभट्टी, उन्हातले बांधकाम अशा ठिकाणी अंगावर घालायची थंडावा देणारी साधने घ्यावीत का, आणि घ्यायची तर कोणती, असे प्रश्न कारखानदार, ठेकेदार, सुपरवायझर आणि स्वतः कामगार मला सुरक्षा अधिकारी म्हणून वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जाकीट निवडण्यापूर्वी कामाच्या जागेवरची हवा मोजावी लागते, आणि चंद्रपूरला उपयोगी पडलेले जाकीट रत्नागिरीला का निरुपयोगी ठरते हे त्या मोजणीतूनच कळते, हा मुद्दा बहुतेक उत्तरांत कोठे ना कोठे येईल.

थंडावा देणारे जाकीट घेतले की उष्णतेचा प्रश्न सुटतो का?

नाही. जाकीट हा शेवटचा उपाय आहे आणि त्याच्या आधी पाणी, सावली, विश्रांती, हवा आणि आडोसा यांची व्यवस्था झालेली असली पाहिजे. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याचा चकचकीत आडोसा उभा केला, मॅन कूलर (कामगारावर वारा सोडणारा मोठा पंखा) योग्य दिशेने लावला, जड काम पहाटे किंवा रात्रपाळीत हलवले आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर गार पाणी हाताशी येईल अशी सोय केली, तर अनेक ठिकाणी जाकिटाची गरजच उरत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही कलम १३ मध्ये कामाच्या खोलीतील हवा आणि तापमान यांची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती, आणि २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देणे कलम १८ ने बंधनकारक केले होते. अंगावरच्या साधनाचा विचार या सोयी झाल्यावर, आणि त्या करूनही जी उष्णता टाळता येत नाही तिच्यासाठीच करावा.

काम करताना शरीरात किती उष्णता तयार होते?

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे ११५ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे जुन्या १०० वॉटच्या दिव्यापेक्षा थोडी जास्त. मध्यम कामात हा आकडा ३०० वॉटच्या आसपास जातो, फावड्याने वाळू ओढण्यासारख्या जड कामात ४१५ च्या आसपास आणि अतिशय जड कामात ५२० च्या आसपास. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग घाम वाळणे हा आहे. त्वचेवरचा एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे मध्यम काम करणाऱ्या माणसाची सव्वादोन तासांची सगळी उष्णता. अंगावरून नुसता गळून जमिनीवर पडलेला घाम मात्र जवळजवळ काहीच नेत नाही, उलट शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. म्हणून कोणत्याही साधनाविषयी पहिला प्रश्न असा विचारावा की ते घाम वाळायला मदत करते, की वाळणे अडवून त्याच्या बदल्यात दुसरा थंडावा देते.

या साधनांचे प्रकार कोणते?

पाण्यात भिजवून घालायचे जाकीट बाष्पीभवनावर चालते. बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्यांचे जाकीट वितळण्यावर चालते. तिसऱ्या प्रकाराला बाजारात सगळे पीसीएम म्हणतात. त्याच्या पिशव्यांत १५, २१ किंवा २८ अंशांसारख्या ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा किंवा क्षारयुक्त पदार्थ असतो. चौथे, कमरेशी दोन पंखे असलेले बॅटरीचे जाकीट. पाचवे, कॉम्प्रेसरच्या नळीवर चालणारे. सहावे, बारीक नळ्यांतून गार पाणी फिरवणारे, ज्याचे पूर्वज अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांच्या अंगात होते. ते उत्तम काम करते, पण पंप, बॅटरी आणि गार पाण्याचा साठा सांभाळावा लागत असल्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक कामांसाठी मी ते सुचवत नाही.

आमचे काम विदर्भात उघड्यावर आहे. आम्ही काय घ्यावे?

एप्रिल-मेमधील कोरड्या उन्हाळ्यासाठी भिजवायचे जाकीट घ्यावे. ते सर्वांत स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही आणि विदर्भाच्या हवेत ते खरोखर काम करते. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात घर गार करतो आणि मुंबईत तोच कूलर फक्त दमटपणा वाढवतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या जाकिटाचे सगळे शास्त्र आधीच ठाऊक आहे. माठाचेही तसेच असते.

हे आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाचे तापमान बाष्पीभवनाने सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. त्वचेचे तापमान ३५ च्या आसपास असते, म्हणजे १२ अंशांचा फरक मिळतो. हे जाकीट सैल आणि जाड शर्टावरून घातले तर बाहेरची हवा गार करण्यातच पाणी खर्च होते, म्हणून ते पातळ सुती बनियनवर, अंगाबरोबर बसेल असे घालावे. दर दीड-दोन तासांनी पुन्हा भिजवावे लागते, तेव्हा कामाच्या जागेजवळ झाकलेली पाण्याची टाकी किंवा पिंप ठेवावे. उन्हात तापलेल्या पाइपातले पाणीसुद्धा चालते, कारण थंडावा पाण्याच्या गारपणातून येत नाही, वाळण्यातून येतो.

डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळण्याची विदर्भातली रीतही उपयोगाची आहे आणि ती सोडू नये. खिशात कांदा ठेवण्याने मात्र उष्माघात टळत नाही. कोणी श्रद्धेने ठेवत असेल तर ठेवो, पण तो ठेवला म्हणून पाण्याची बाटली घरी राहिली असे होता कामा नये.

मग मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात तेच जाकीट का चालत नाही?

तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असताना ओल्या कापडाचे तापमान २८ अंशांच्या खाली जात नाही. आकाशवाणीवर सांगितलेले तापमान चंद्रपूरपेक्षा १० अंशांनी कमी, आणि तरीही ओले जाकीट ५ अंशांनी अधिक उबदार. शिवाय अशा हवेत अंगावरचा घामच नीट वाळत नाही, त्यात त्याच्यावर ओल्या कापडाचा आणखी एक थर चढवला की वारा अंगाला लागायचा तोही बंद होतो. गोदीत, जहाजबांधणीत, किनाऱ्यावरच्या बांधकामात वितळणाऱ्या पदार्थाचे किंवा पंख्यांचे जाकीट घ्यावे.

हवा कोरडी की दमट, हे जागेवर कसे ठरवायचे?

दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला मलमलीचा ओला तुकडा गुंडाळावा, दोन्ही सावलीत पंख्यासमोर पाच मिनिटे धरावेत आणि आकडे वहीत लिहावेत. ओल्या तापमापकाचा आकडा २४-२५ च्या खाली असेल तर भिजवायचे जाकीट चालेल, २७ च्या वर असेल तर त्याचा नाद सोडावा, आणि मधल्या पट्ट्यात एक जाकीट आणून प्रत्यक्ष वापरून पाहावे, असा माझा आडाखा आहे. मोजमाप माणूस जेथे उभा राहतो तेथेच घ्यावे. ऑफिसच्या व्हरांड्यातला आकडा भट्टीजवळच्या माणसाविषयी काहीच सांगत नाही.

कामाच्या जागेची एकूण तीव्रता ठरवण्यासाठी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) हा निर्देशांक वापरतात. उन्हात त्याचे ७० टक्के वजन ओल्या तापमापकाला, २० टक्के काळ्या गोळ्यातील तापमापकाला आणि फक्त १० टक्के साध्या तापमापकाला असते. नुसते तापमान पाहून निर्णय घेणाऱ्यांनी हे १० टक्के लक्षात ठेवावेत.

बर्फाचे जाकीट चांगले की पीसीएमचे?

निव्वळ क्षमतेत बर्फाला तोड नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. पीसीएमच्या बहुतेक पदार्थांची क्षमता किलोला १५० ते २२० किलोज्यूल असते. पण बर्फाच्या पिशव्यांना उणे तापमानाचा फ्रीझर लागतो आणि त्या थेट अंगाला लागल्या तर त्वचेला इजा होऊ शकते. अति गार स्पर्शाने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर येण्याचा रस्ताच अरुंद होतो.

२१ अंशांच्या पीसीएमच्या पिशव्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या पिंपात किंवा साध्या फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होतात, आणि हा मोठा व्यावहारिक फायदा आहे. २८ अंशांच्या पिशव्या वातानुकूलित खोलीतही घट्ट होतात, पण त्यांचा थंडावा इतका सौम्य असतो की जड कामाला तो पुरत नाही. बहुतेक कारखान्यांना मी २१ अंशांच्या आसपासचा प्रकार सुचवतो.

एक जाकीट किती वेळ टिकते? विक्रेता चार तास सांगतो.

हिशोब स्वतः करावा. दोन किलो पीसीएम, किलोला १८० किलोज्यूल धरले तर एकूण ३६० किलोज्यूल होतात. शरीराची ३०० वॉट उष्णता सगळी त्यातच गेली तर २० मिनिटांत पदार्थ वितळून जाईल. प्रत्यक्षात जाकीट साधारण १०० वॉट शोषते आणि बाकीची उष्णता घामावाटे जाते असे मानले तरी एक तास होतो. दोन किलो बर्फ याच हिशोबाने पावणेदोन-दोन तास चालेल. बाहेरची गरम हवाही त्याच पिशव्या वितळवत असते, ते वेगळे. चार तास टिकणारे जाकीट एक तर बरेच जड असते, नाही तर तासाला अगदी थोडी उष्णता शोषत असते.

म्हणून एका कामगारामागे पिशव्यांचे किमान दोन, शक्यतो तीन संच लागतात. हे न ओळखता केलेली खरेदी कशी वाया जाते ते मी जवळून पाहिले आहे. एका कारखान्याने चाळीस जाकिटे आणली, प्रत्येकाबरोबर एकच संच, आणि फ्रिज होता तो कँटीनमध्ये, शॉपपासून, म्हणजे कामाच्या विभागापासून, पाच मिनिटांच्या अंतरावर. पहिल्या आठवड्यात माणसे सकाळी जाकीट घालत, साडेनऊला पदार्थ वितळे, आणि दुपारपर्यंत तीच जाकिटे अंगावर तशीच राहत. वितळलेले जाकीट म्हणजे दोन किलोची रजई. ते घाम अडवते आणि वजनाने श्रम वाढवते. तिसऱ्या आठवड्यात सगळी जाकिटे स्टोअरच्या कपाटात गेली आणि कामगारांना साधनांची किंमत नाही असे बोलले गेले. चूक कामगारांची नव्हती.

पिशवी चाचपून आत खडा लागत नाही असे झाले की जाकीट काढायचे, हा नियम पहिल्या दिवशीच प्रत्येकाला हाताने चाचपायला लावून शिकवावा.

पंख्यांचे जाकीट कोठे चालते?

हे जाकीट २००४ च्या सुमारास जपानमध्ये बाजारात आले आणि आज तेथील बांधकामांवर ते सर्रास दिसते. कमरेजवळचे दोन पंखे बाहेरची हवा आत ओढतात, ती अंगावरून फिरून गळ्याशी आणि बाह्यांशी बाहेर पडते आणि जाताना घाम वाळवते. दमट पण फार तापलेली नसलेली हवा, म्हणजे ३२ ते ३५ अंशांची किनाऱ्यावरची हवा, ही त्याची खरी जागा. गोदामात, पॅकिंगमध्ये, डिलिव्हरीच्या कामात ते चांगले.

हवा त्वचेपेक्षा गरम झाली की हेच पंखे अंगावर गरम झोत सोडू लागतात. घाम भरपूर असेल तर काही काळ फायदा टिकतो, पण ४० अंशांच्या वर पंख्यांवर विसंबू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या अंगावर ते घालणे म्हणजे भट्टीच्या ब्लोअरसमोर उभे राहणे होय. आतला बनियन ओला करून घातला तर मात्र कोरड्या हवेत त्याचा परिणाम पुष्कळ सुधारतो.

वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि गॅस कटिंगजवळ ते घालू नये, कारण पंखे ठिणग्याही आत ओढतात. सिलिकाची धूळ, सिमेंट, कीटकनाशकाची फवारणी यांच्यातही नको. ज्वलनशील वायू किंवा बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) भुकटीसारखी पेटणारी धूळ असलेल्या जागी त्या जागेसाठी प्रमाणित नसलेले बॅटरीचे कोणतेही साधन नेऊ नये.

जपानने १ जून २०२५ पासून उष्णतेत काम करणाऱ्यांसाठी मालकांवर नवी बंधने घातली आहेत. डब्ल्यूबीजीटी २८ किंवा तापमान ३१ अंश वा त्याहून अधिक असताना सलग एक तास वा त्याहून जास्त, किंवा दिवसात चार तासांहून अधिक काम असेल तर ती लागू होतात. त्यांत त्रास होऊ लागलेल्या कामगाराने कोणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर त्याला थंड करून दवाखान्यात कसे न्यायचे, याची व्यवस्था आधी ठरवून सर्वांना कळवणे सक्तीचे आहे. ज्या देशात पंख्यांची जाकिटे इतकी सर्रास दिसतात, तेथेही कायद्याने भर या व्यवस्थेवर दिला आहे.

फौंड्रीत ओतकाम करणाऱ्यांसाठी कोणते साधन सुरक्षित आहे?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण येथे चुकीचे साधन माणसाला भाजू शकते.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी पाळी डोळ्यांसमोर आणावी. इंडक्शन फर्नेसमधून (विजेवरच्या भट्टीतून) लॅडल, म्हणजे रस ओतायचे भांडे, भरते, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) रस १,४०० अंशांच्या घरात असतो, आणि पोअरिंग करणारा माणूस साच्यांच्या रांगेवरून ती लॅडल नेत असतो. त्याच्या पाठीला मॅन कूलरचा वारा लागतो, पण छाती, मांड्या आणि चेहरा रसाकडे असतात. त्याच्याकडे येणारी बहुतेक उष्णता हवेतून येत नाही, ती किरणांनी थेट येते. चुलीपुढे बसल्यावर तोंड भाजते आणि पाठ गार राहते, तसे हे आहे. किरणांना ओले कापड परतवत नाही आणि पंखाही परतवत नाही. त्यांना परतवतो तो अॅल्युमिनियमचा चकचकीत थर असलेला कोट किंवा एप्रन, आणि तोही स्वच्छ असेपर्यंतच. काजळी आणि वाळू बसून काळवंडलेला कोट किरण परतवण्याऐवजी शोषून घेतो.

वितळलेल्या धातूजवळ भिजवलेले जाकीट कधीही घालू नये. रसाचा थेंब ओल्या कापडावर पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती अंगाला चिकटूनच भाजते. पॉलिस्टरचे किंवा नायलॉनचे जाकीटही बाहेरून उघडे घालू नये, कारण ते पेटण्याआधी वितळून कातडीला चिकटते. पीसीएमच्या अनेक पदार्थांत पॅराफिन असते आणि पॅराफिन जळते. म्हणून ओतकामासाठी न जळणारा क्षारयुक्त पदार्थ असलेले पीसीएम निवडावे, ते सुती बनियनवर घालावे आणि त्याच्यावरून आयएसओ ११६१२ सारख्या मानकावर तपासलेला, वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांसाठी प्रमाणित कोट पूर्ण बंद करून घालावा. कोटाच्या आत घाम वाळायला वाव नसतोच, त्यामुळे जाकिटाने वाळणे अडवले जाण्याचा तोटा येथे उरत नाही आणि मिळेल तो थंडावा निव्वळ फायद्याचा ठरतो. पीसीएमची खरी जागा हीच आहे असे माझे मत आहे.

मोल्डिंग (साचे बनवणे), नॉकआउट (साचा फोडून माल काढणे) आणि फेटलिंग (मालाची साफसफाई) यांचा विचार वेगळा करावा. आणि कोल्हापुरात एक गोष्ट विसरू नये: जून ते सप्टेंबर बाहेर पाऊस कोसळत असतो, गारवा वाटतो, पण शॉपमधली भट्टी तेवढीच तापलेली असते आणि हवा दमट झाल्यामुळे घाम वाळत नाही. फौंड्रीतला उष्णतेचा हंगाम पावसाळ्यात संपत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे जाकीट कसे असते?

त्यात व्होर्टेक्स ट्यूब असते. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज रांक यांनी १९३० च्या दशकात शोधलेल्या या नळीत दाबाची हवा गरगर फिरते आणि एका टोकाने गरम, दुसऱ्याने गार होऊन बाहेर पडते. थंडावा जोरदार आणि कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत न संपणारा. पण माणूस नळीला बांधलेला राहतो, हवा भरपूर लागते आणि आवाज होतो. सँडब्लास्टिंगसारख्या (वाळूच्या झोताने पृष्ठभाग साफ करण्याच्या) एका जागी उभे राहून करायच्या कामाला ते योग्य आहे. डोक्यावरच्या बंद टोपातून तीच हवा श्वासात जाणार असेल तर ती तेलविरहित आणि श्वसनयोग्य असल्याची खात्री वेगळी करावी.

गळ्याभोवतीचे गार पट्टे, टॉवेल, मेंथॉलचे जेल यांचा उपयोग होतो का?

बरे वाटते, आणि बरे वाटणे ही लहान गोष्ट नाही. पण गळ्याच्या पट्ट्याने शरीराच्या आतले तापमान फारसे उतरत नाही, आणि मेंथॉल तर केवळ गारपणाची जाणीव देते. यात एक धोका दडलेला आहे: माणसाला बरे वाटते, तो थांबायच्या वेळी थांबत नाही, आणि आतली उष्णता वाढत राहते. पट्टा विश्रांतीत वापरावा.

याच पैशात मी एक जुने साधन सुचवतो. विश्रांतीच्या जागी गार पाण्याच्या बादल्या किंवा पसरट घमेली ठेवावीत आणि दहा-पंधरा मिनिटे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बसावे. हातांत रक्तपुरवठा भरपूर असतो, गार झालेले रक्त आत परतते. अग्निशमन दलांमध्ये ही पद्धत वापरली जाते.

आमच्याकडे स्त्री कामगार आहेत. त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा का?

अवश्य करावा. रस्त्यावर, बांधकामावर आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या बहुतेक बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात. पुरुषांच्या मापाचे जाकीट त्यावर एक तर लोंबते किंवा छातीवर आवळते, आणि पदराच्या थरांवरून त्याचा थंडावा अंगापर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही बाजूंना पट्ट्यांनी कमी-जास्त करता येणारी मापे मागवावीत आणि मापे घेताना बायकांना विचारावे.

याहून मोठी गोष्ट शौचालयाची आहे. जेथे जवळ स्वच्छ शौचालय नाही तेथे बायका दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यांना तहान नसते असे नाही. कोणतेही जाकीट पाण्याची जागा घेऊ शकत नाही, तेव्हा अशा साइटवर जाकिटांचे पैसे आधी शौचालयाला लावावेत, असे मी प्रत्येक ठेकेदाराला स्पष्ट सांगतो.

जाकीट घातल्यावर विश्रांती कमी केली तर चालेल का?

नाही. नव्या माणसाला उष्णतेची सवय व्हायला सात ते चौदा दिवस लागतात आणि जाकिटाने ती मुदत कमी होत नाही. पहिल्या दिवशी कामाच्या २० टक्केच वेळ उष्णतेत, मग रोज २० टक्क्यांनी वाढ, हा अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या संस्थांनी सांगितलेला क्रम पाळावा. आठवडाभर आजारपणात किंवा गावी काढून परतलेल्या माणसालाही पुन्हा टप्प्याटप्प्यानेच कामावर घ्यावे.

पाणी तासाला सुमारे पाऊण ते एक लिटर, पण सुमारे १.४ लिटरच्या वर नाही. घाम फार जात असेल तर ताक, मीठ घातलेले कोकम सरबत किंवा पन्हे चांगले. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घालावे.

कोणी हे साधन वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे?

हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी, आणि गारठ्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी किंवा बोटे पांढरी पडणाऱ्यांनी. आदल्या रात्रीची दारू हाही धोका वाढवणारा घटक आहे आणि तो विचारायला संकोच करू नये.

विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारावेत?

किती वॉट आणि किती वेळ, हा पहिला प्रश्न. घाम गाळणाऱ्या तापवलेल्या पुतळ्यावर ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रतेत अशी साधने तपासण्याची एएसटीएम या मानक संस्थेची एफ २३७१ ही पद्धत आहे. तिचा अहवाल मागावा. अहवाल नसेल तर पदार्थाचे वजन, वितळण्याचे तापमान आणि किलोमागची क्षमता लिहून घ्यावी, म्हणजे वर केलेला हिशोब करता येतो. पदार्थ जळतो का, पिशवी फुटली तर काय करायचे, सुट्या पिशव्या मिळतात का आणि धुण्याची पद्धत कोणती, हेही विचारावे. "तापमान १५ अंशांनी उतरते" यासारख्या दाव्यावर कशाचे तापमान असे विचारावे; बहुधा ते कापडाचे असते.

सगळ्यांसाठी घेण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी?

सर्वांत गरम जागेवरच्या पाच-सहा स्वयंसेवी कामगारांना दोन आठवडे द्यावे, एक दिवस जाकीट घालून आणि एक दिवस न घालता. पाळीच्या आधी आणि नंतर वजन घ्यावे. प्यायलेले पाणी धरून जेवढे किलो घटले तेवढे लिटर घाम गेला. विश्रांतीला बसताक्षणी नाडी मोजावी. ती मिनिटाला ११० च्या वर असेल तर कामाचा पुढचा टप्पा एक तृतीयांशाने कमी करावा. आणि त्या माणसांना विचारावे की वाकताना अडते का, काख घासते का, शिडीवर चढताना पट्टा अडकतो का. जे जाकीट ते मागून घेतात तेच विकत घ्यावे.

जाकीट घातलेल्या माणसाला उष्माघात झाला तर?

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, चिडचिड, झटके किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच उष्माघात समजून वागावे. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो, त्यामुळे घाम आहे म्हणजे धोका नाही असे मानू नये. सावलीत न्यावे, जाकीट आणि जाड कपडे लगेच काढावेत, अंगभर गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून काही देऊ नये. जाकिटाचा १०० वॉटचा थंडावा अशा वेळी अगदीच अपुरा असतो.

जाकिटाचा खर्च कोणी करावा, आणि एक जाकीट दोघांनी वापरावे का?

खर्च मालकाने करावा, ठेकेदारीवरच्या माणसासाठीही, आणि तो पगारातून कापू नये. पिशव्या सामाईक चालतील, पण अंगाला लागणारे कापड प्रत्येकाचे वेगळे, नावाची पट्टी शिवलेले असावे. घामट कापड पाळीपाळीने फिरले की गजकर्ण पसरते.

हंगाम संपल्यावर ही साधने कशी ठेवावीत?

भिजवायची जाकिटे धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत. पावसाळ्यात ओलसर घडी घातलेल्या जाकिटावर आठवड्यात बुरशी येते. पीसीएमच्या पिशव्या आडव्या, एकमेकींवर फार न रचता, भट्टी आणि पत्र्याच्या छतापासून दूर ठेवाव्यात. पंख्यांच्या जाकिटाच्या बॅटऱ्या काढून अर्ध्या चार्जवर, सावलीच्या जागी ठेवाव्यात आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक पिशवी दाबून गळती पाहावी, कमी पडणाऱ्या पिशव्या तेव्हाच मागवाव्यात, आणि फ्रिज कँटीनमधून शॉपच्या दाराशी आणून ठेवावा.